रांजणाचं तोंड

— पाणी उकळून आधी गार होऊ दे. गरम पाण्यात मध ओतलास की तो —

— पानं नव्हेत गं, काड्या. पानं जवाच्या दारूला. याला काड्याच लागतात, आणि त्यासुद्धा —

— अजून धुरी दे. रांजणाला वास लागला की मग तो आपला आपण —

यिर्दावजवळ एवढंच होतं. भिंतीच्या अलीकडे बसून वर्षानुवर्षं कानावर पडलेली बायकोची अर्धी वाक्यं. उरलेली अर्धी धुरात जायची, नाहीतर चुलीच्या आवाजात, नाहीतर त्याच्या स्वतःच्या झोपेत. भिंतीपलीकडे स्वयंपाकाची खोली. तिथं तिरुये एकटीच रांजणाशी बोलत बसते, अशी त्याची समजूत होती. पुरुषानं त्या खोलीत जायचं नसतं. जो जातो त्याला आमच्याकडे जन्मभर "चुलीतला" म्हणतात, आणि मेल्यावरही त्याची ओळख सांगताना आधी तेच सांगतात.

तो मधमाश्यांचा माणूस. बांबूच्या नळ्या विणायच्या, शेणमातीनं लिंपायच्या, झाडावर चढून बांधायच्या, पावसाळा संपून डोंगर पिवळ्या फुलांनी भरला की मध काढायचा. मेणासकट काढलेला मध तो उंबऱ्यापर्यंत आणायचा. उंबऱ्याच्या आतून दोन हात यायचे आणि भांडं घेऊन जायचे. पुढं काय व्हायचं ते त्याला थेट पेल्यात दिसायचं. पिवळं, गढूळसर, आधी गोड, मागून कडू. तेज्ज. मधाची दारू. लग्नाला तेच, बारशाला तेच, देवाला तेच.

आता आतून हात येणार नव्हते. तिरुये खोकल्यानं गेली होती.

यिर्दावनं मधाचं भांडं उंबऱ्यावर ठेवलं. थोडा वेळ तिथंच उभा राहिला. मग स्वतःच उंबरा ओलांडला, आतून वाकला, आणि ते उचललं.

*

हे सगळं एका भांड्यासाठी.

आमच्या मिकाएल देवदूताच्या मंडळाचं एक मातीचं भांडं आहे, फडक्यात गुंडाळलेलं. दर महिन्याला मिकाएलच्या दिवशी मंडळ जमतं, जेवतं, पितं, आणि उठताना कुणीतरी ते भांडं घरी नेतं. नेलं म्हणजे पुढची पाळी त्या घराची. पुढच्या मिकाएलला ते भांडं त्याच घराच्या हातचं तेज्ज भरून परत आलं पाहिजे. आलं की त्या घराची मंडळातली जागा पक्की, आणि जागेबरोबर नाव. देवळाचे पुजारी अब्बा तेगेन्ये प्रार्थनेत मंडळाची नावं तोंडपाठ घेतात, जिवंत आणि मेलेली एकाच दमात. भांडं रिकामं आलं तर जागा गेली. नावही गेलं.

गेल्या खेपेला भांडं तिरुयेनं उचललं होतं. पाठीला बांधून, खोकत खोकत चढ चढून आणलं. कोपऱ्यात ठेवलं. पदरानं पुसलं. पुढच्या मिकाएलपर्यंत ती राहिली नाही. मूलबाळ झालं नव्हतं. यिर्दाव गेल्यावर तिचं नाव घेणारं या डोंगरावर दुसरं कुणी उरणार नव्हतं, अब्बा आणि अब्बांनंतरचे अब्बा सोडून.

देवळाच्या आवारात, ज्युनिपरच्या सावलीत, मंडळाच्या बायका त्याला समजावत होत्या.

"भांडं देऊन टाक रे बाबा," मंडळातली सगळ्यांत थोरली झेनेबेच म्हणाली. "आमच्यातली कुणी भरेल."

"ते तिरुयेनं घेतलंय."

"तिरुये गेली."

"घर आहे."

"घराला हात लागतो, यिर्दाव. हात."

त्यानं दोन्ही हात पुढे केले. मधमाश्यांनी वर्षानुवर्षं डसून जाड झालेले.

बायका हसल्या. पुरुष जास्त हसले. शेजारचा मोला म्हणाला, "इतिये झेनेबेच, तुमचा कंबरपट्टा द्या हो याला. नुसते हात काय करतील!"

"अरे पट्ट्यानं काय होतंय?" झेनेबेच म्हणाली. "याला आधी चूल कुठल्या बाजूला आहे ते दाखवा."

"धूर येतो त्या बाजूला," यिर्दाव म्हणाला. आणखी हसले सगळे. तो नाही हसला. "अब्बा, घराचा हात म्हणजे बाईचाच हात, असं कुठं सांगितलंय?"

अब्बा तेगेन्येंनी दाढी खाजवली. "सांगितलेलं नाही. सांगायची वेळच कधी आली नव्हती."

"मग मी भरीन."

*

बाजारात.

— गेशो द्या, तेज्जात घालायला. काड्या. पानं नकोत.

— किती?

— रांजणाला लागतात तेवढ्या.

— कसल्या रांजणाला? घागरीएवढ्या की माणसाएवढ्या? जा बाबा, बायकोला पाठव.

— गेली ती.

— कुठं?

— खोकल्यानं गेली.

— अरेरे. देव तिला विसावा देवो. मग काड्या कुणाला?

*

तिरुये, ऐक. कडू पाल्यानं रांजण घासला. आत हात घातला तर खांद्यापर्यंत गेला, तरी तळ लागेना. तू कशी घासायचीस? तू तर माझ्याहून बुटकी. आत उतरायचीस की काय?

वेइराचं लाकूड पेटवलं, रांजण वर पालथा घातला, धुरी दिली. डोळे गेले. परत दिली. वास लागला की तो आपला आपण — काय? आपला आपण काय करतो गं? फुगतो? गातो?

पाणी उकळलं. गार केलं. गार म्हणजे किती ते तू बोलली असशील, मी झोपलो असेन. बोट घालून बघितलं. मग मध. एक वाटा मध, तीन वाटे पाणी, हे झेनेबेचकडून काढून घेतलं. सरळ विचारलं असतं तर ती येऊन बसली असती. म्हणून म्हटलं, "तुझं तेज्ज पातळ असतं हो, पाणीच जास्त." अशी भडकली! सगळं प्रमाण शिव्यांसकट सांगून गेली.

मेण वर आलं ते काढलं. काड्या उकळून घातल्या. फडकं टाकलं.

आता तू सांगायचंस. पुढं काय करतात? नुसतं बसतात?

*

नुसतं बसतात.

तो रांजणाशेजारी बसून राहिला. एक दिवस काही नाही. पुढच्या दिवशीही काही नाही. गोड पाण्याचा वास, माश्या घोंगावतायत. नंतर एका सकाळी तो झाडांवरून नळ्या बघून परतला आणि सवयीनं भिंतीच्या अलीकडे, बाहेरच्या खोलीत टेकला. तेव्हा त्याला ऐकू आलं.

भिंतीपलीकडून कुणीतरी बोलत होतं.

हलक्या आवाजात. थांबून थांबून. एक बुडबुडा, मग दोन, मग लांबलचक काहीतरी पुटपुटणं, आणि मध्येच तुटणं. वाक्य कधी पुरं होत नव्हतं.

यिर्दाव उठला नाही. त्यानं पाय पोटाशी घेतले, भिंतीला डोकं टेकलं आणि ऐकत राहिला. तिरुये गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच त्याला झोप लागली.

*

कुंभारांची नजर वाईट, हे आमच्याकडे लहान मुलालाही सांगावं लागत नाही. त्यांच्या हातची भांडी सगळ्यांना हवी असतात, त्यांचे डोळे कुणालाच नको असतात. त्यांनी एखाद्या गोष्टीची स्तुती केली आणि मागोमाग देवाचं नाव घेतलं नाही, की ती गोष्ट गेली. दूध नासतं. वासरू मरतं. यिर्दावही हे आईच्या दुधाबरोबरच प्यायला होता.

अयाल्नेश कुंभारीण मागच्या दारानं आली. थेट मागच्या दारानं, रोजची पायवाट असल्यासारखी.

यिर्दाव दारात आडवा झाला. "तू कशाला?"

"गाशे यिर्दाव, तिरुयेनं सांगितलं होतं. रांजण खांद्याशी पाझरतोय, एकदा येऊन बघ, असं. राहूनच गेलं माझं. तेवढं बघते नि जाते. रांजण माझ्या आईनं केलेला आहे हा."

"ती कधी बोलली तुझ्याशी?"

"कधी म्हणजे? नेहमीच." ती जरा हसली. "इथंच तर बसायची मी, चुलीपाशी. ती सांगायची, मी ऐकायची. तुम्ही पलीकडे घोरत असायचात."

यिर्दावला आठवलं: *पानं नव्हेत गं, काड्या.* ते "गं" त्यानं आयुष्यभर ऐकलं होतं. ते कुणाला होतं, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. रांजणाला कोण "गं" म्हणतं?

"आत नाही यायचं," तो म्हणाला.

"नाही येत. इथूनच ऐकते." तिनं मान पुढे काढली. खोलीच्या अंधारात रांजण पुटपुटत होता. तिचे डोळे भरून आले. "अगाई! काय सुरेख बोलतोय! अगदी तिच्यासारखा."

एवढंच म्हणाली. देवाचं नाव घेतलं नाही. रडायला येत होतं म्हणून असेल.

यिर्दावनं दार लावलं. तिच्या तोंडावर.

*

कुंभारणीची नजर तिथं पोचली होती. फडक्यातून, अंधारातून पोचली होती. फडकं पुरेसं नव्हतं.

आणि मग, त्या खोलीत पाऊल टाकल्यापासून पहिल्यांदा, यिर्दावला काय करायचं ते नीट माहीत होतं. कुणाला विचारायला नको. कुणाचं अर्धं वाक्य आठवायला नको. लिंपण हे त्याचं काम होतं. त्याच्यासारख्या नळ्या पंचक्रोशीत कुणी लिंपत नसे. पावसाळ्यात एक थेंब आत जायचा नाही.

त्यानं कच्चं चामडं पाण्यात भिजवलं, रांजणाच्या तोंडावर ताणून बसवलं. ओल्या वादीनं मानेपाशी आवळलं. वाळली की वादी दातासारखी आवळते. गाईचं शेण, लाल माती, राख, चाळलेला भुसा. पहिला थर अंगठ्यानं. वाळल्यावर दुसरा, तळव्यानं. तिसरा ओल्या हातानं गुळगुळीत. असं सुंदर काम झालं की तो मागे सरकून बघत राहिला. बघ तिरुये. हे मला येतं.

पोळ्याच्या नळीला तो एका टोकाशी करंगळीएवढं भोक ठेवायचा. माश्यांना जायला यायला. त्याशिवाय आतलं जगत नाही.

इथं भोक कुणासाठी ठेवायचं? नजरेसाठी?

तोंडाबद्दल तिरुये कधी काही बोललीच नव्हती. फडकं किती सैल टाकायचं, कधी उचलायचं, हे तिचे हात करायचे. हातांनी होतं ते सांगायला तोंड कशाला उघडायचं.

*

रांजण बोलायचा थांबला.

*

झेनेबेच सांगते: मी इंजेरा भाजत होते हो, उन्हं डोक्यावर होती. असा आवाज झाला, असा, की तव्यावरचा इंजेरा फाटला. मला वाटलं डोंगर सरकला.

मोला सांगतो: आवाज कसला? मडकं फुटल्याचा आवाज. मी बैल सोडत होतो. पण त्याच्या आधी, बरं का, त्याच्या आधी मी तिला पाहिली होती, त्या कुंभारणीला, त्याच्या मागच्या दारातून येताना. कधी? परवा असेल. तेरवा असेल. पाहिली हे नक्की.

मोलाची बायको सांगते: आणि डोळे पुसत होती! काम झाल्यावर रडतातच ते.

यिर्दाव काही सांगत नाही.

तो झाडावर होता. खाली येऊन घराकडे पळाला तेव्हा मागच्या दाराच्या उंबऱ्याखालून पिवळी धार अंगणात आली होती. ज्या उंबऱ्यावरून त्यानं जन्मभर मध आत दिला, त्याच उंबऱ्यावरून तो मध बाहेर येत होता. आत खोलीभर फेस. रांजण खांद्यापाशी, जिथं पाझरायचा तिथं, उभा चिरला होता आणि बाकीचे तुकडे झाले होते. तोंड मात्र साबूत होतं. चामडं, वादी, तीन थर लिंपण, सगळं जसंच्या तसं, एखाद्या मुंडक्यासारखं चुलीमागे जाऊन पडलेलं. लिंपणाला तडासुद्धा नव्हता.

मग माश्या आल्या. त्याच्याच नळ्यांतल्या. आधी दोन-चार, मग झुंडीनं. जमिनीवरच्या पिवळ्या थारोळ्यावर बसल्या, प्यायल्या, उडायला गेल्या आणि उडता येईना. दिवे लागायच्या आत सगळी जमीन काळी झाली होती. तो मध्ये उकिडवा बसून एकेक माशी बोटानं उचलत होता आणि कोरड्या जागी ठेवत होता. ज्या ठेवल्या त्याही हलत नव्हत्या.

*

दुसऱ्या सकाळी अंगणात मंडळ जमलं. मिकाएलचा दिवस तोंडावर आला होता. भांडं कोपऱ्यात तसंच, फडक्यात, रिकामं.

"आता याला वेळ कुठून आणायचा?" अब्बा तेगेन्ये काठीवर रेलून उभे होते. "यिर्दाव, बाबा, रांजण हाताच्या चुकीनं फुटला असेल तर माझ्या हातात काही नाही. घराचा हात चुकला म्हणजे घर चुकलं. जागा जाते. पण नजरेनं फुटला असेल, तर घराचा दोष नाही. मिकाएलला हे कळतं. मग भांडं आणखी महिनाभर तुझ्याकडे राहू दे."

"हाताची कसली चूक, अब्बा?" झेनेबेच पुढे झाली. हसणारी झेनेबेच आता त्याच्या बाजूनं उभी होती. "मी स्वतः वास घेऊन गेले होते दारातून. उत्तम पिकत होतं. माझ्यापेक्षा बरं, खोटं कशाला बोलू! ती येऊन गेली आणि —"

"आणा तिला."

अयाल्नेशला आणलं. तिचे हात कोपरापर्यंत चिखलाचे होते. चाकावरून नव्हे, आमच्याकडे कुंभारणी हातानंच वळतात, त्या कामावरून उठवून आणलं होतं.

"दारात उभी राहून काय म्हणालीस तू?"

"म्हटलं, सुरेख बोलतोय."

"ऐका! स्वतःच्या तोंडानं सांगतेय!"

"पुढं देवाचं नाव घेतलंस?"

ती आठवू लागली. तिनं यिर्दावकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "नसेल घेतलं."

लोकांत एक लाट गेली. मोलानं जमिनीवर पाय आपटला. अब्बांनी काठी वर करून सगळ्यांना गप्प केलं. अब्बा वाईट माणूस नाहीत. ते यिर्दावकडे वळले आणि त्यांनी विचारायला हवं होतं ते विचारलं.

"रांजणाच्या तोंडावर काय होतं?"

एकच शब्द सांगायचा होता. चामडं म्हटलं असतं तर तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला कळलं असतं, की आंबणारा मध आत कोंडला आणि रांजण फुगून फुटला. चामडं म्हटलं असतं तर तिरुयेचं नाव या महिन्यापासून कुणी घेतलं नसतं.

"फडकं," यिर्दाव म्हणाला.

"मग नजरच," अब्बा म्हणाले, आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं हे सगळ्यांना दिसलं.

नजर उतरायची तर जिची नजर तिनंच थुंकायचं. ज्याला लागली त्याच्यावर. मूल असेल तर मुलावर. इथं रांजण होता. अयाल्नेशला त्यांनी स्वयंपाकाच्या खोलीच्या दाराशी उभं केलं. अब्बा बाहेर थांबले, पुरुष बाहेर थांबले. आत जाऊ शकणारा पुरुष एकटा यिर्दावच होता, म्हणून त्यालाच तिच्याबरोबर धाडलं.

खोलीत मेलेल्या माश्यांचा आणि आंबलेल्या मधाचा वास होता. ती खाली वाकली. आईच्या हातचे तुकडे तिनं ओळखीच्या माणसाच्या अंगावरून हात फिरवावा तसे चाचपले. इथं कड. इथं खांदा. मग तिचा हात चुलीमागे गेला.

तिनं रांजणाचं तोंड उचललं. उलटं केलं. चामडं बघितलं, वादी बघितली. लिंपणावरून अंगठा फिरवला, सगळीकडून, गोल, भोक शोधत असल्यासारखा. भोक नव्हतं.

"गाशे," ती म्हणाली, "हे तर —"

यिर्दाव उभा होता. त्याचे ओठ हलले. बाहेरून झेनेबेच ओरडली, "थुंकली का गं?"

अयाल्नेशनं बाहेर न बघता, तसंच वाकलेलं राहून विचारलं, "अब्बा, मी थुंकले की तिरुयेची जागा राहील?"

"राहील."

"नाव घ्याल?"

"दर महिन्याला घेईन. माझ्यानंतर येणाराही घेईल."

ती यिर्दावकडे बघत होती. त्याला वेळ होता. भरपूर वेळ होता. बाहेर कुणाचं तरी मूल खोकलं, गप्प झालं, कोंबडी दारातून डोकावून परत गेली.

अयाल्नेश तुकड्यांवर थुंकली.

*

त्यानंतर कुंभारणीकडून कुणी काही घेतलं नाही. बाजारात तिच्यासमोरून लोक डोळे झाकून गेले. पोरांनी उन्हात ठेवलेली कच्ची भांडी तुडवली, आणि त्यांना कुणी रागावलं नाही. एका सकाळी तिच्या घराला दार नव्हतं. दारसुद्धा गाढवावर लादून ती डोंगराखाली कुठं तरी निघून गेली होती.

आता रांजण करणारं गावात कुणी नव्हतं. यिर्दावनं बाजारातून पिवळा प्लॅस्टिकचा कॅन आणला, खाण्याच्या तेलाचा. गरम पाण्यानं धुतला तरी तेलाचा वास जाईना. धुरी देता येईना, प्लॅस्टिक वितळतं. मध घातला, पाणी घातलं, काड्या घातल्या. या वेळी झाकण सैल ठेवलं.

कॅन बोलला नाही. अधूनमधून फुस्स करायचा, एवढंच.

*

मिकाएल. उपवासाचे दिवस, म्हणून इंजेरावर मसूर आणि शिरोचं पिठलं. भांडं मधोमध, काठोकाठ. अब्बांनी आशीर्वाद दिला, पहिला पेला घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"छान," अब्बा म्हणाले.

मग सगळ्यांनी घेतलं.

"अरे, हे तर तिरुयेच्याच हातचं!" मोलाची बायको म्हणाली.

"तेच म्हणते मी. अगदी तीच चव."

"यिर्दाव, लेका, आम्ही हसलो रे तुला!" मोलानं त्याच्या पाठीत थाप मारली. "आमच्या घरी ये आता, आमच्या हिला शिकव."

"मेल्या, तुला कॅनातलं नि रांजणातलं कळतंय का?" झेनेबेच म्हणाली, पण पेला तिनंही रिकामा केला, आणि डोळे पुसून म्हणाली, "तीच. तिरुयेच."

यिर्दावनं एक घोट घेतला. तेलाचा वास होता. कडू होतं, मागून कडूच, गोड कुठंच नव्हतं. तिरुयेसारखं त्यात काही म्हणजे काही नव्हतं. त्यानं सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. कुणी थट्टा करत नव्हतं. त्यांना खरंच ती चव लागत होती.

अब्बांनी नावं घेतली. एका दमात, जिवंत आणि मेलेली. तिरुयेचं नाव आलं. इतक्या पटकन आलं आणि गेलं की तो तोवर तयार झाला नव्हता. पुढची नावं चालू होती. तो ते पुन्हा येईल म्हणून शेवटपर्यंत थांबला.

उठताना मोलाच्या बायकोनं भांडं उचललं, पाठीला बांधलं.

*

घरी कोपरा मोकळा होता. जमिनीवर गोल डाग, भांडं होतं तिथं. तिरुयेनं आणलेली ती शेवटची वस्तू. ती भरून परत द्यायला आपण इतकं झटलो, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

तो मागच्या अंगणात गेला. रांजणाचे तुकडे त्यानं कुंपणापाशी टाकले होते. एकेक उचलून बघितला. खांदा होता. पोट होतं. तळ होता, त्यावर वाळलेल्या माश्या चिकटलेल्या होत्या. सगळे तुकडे उलटसुलट केले, कुंपणापलीकडे शोधलं, चुलीमागे शोधलं.

तोंड नव्हतं.

ते तिनं नेलं होतं. त्या दिवशी पदराखाली, सगळ्यांदेखत. चामड्यासकट, तीन थर लिंपणासकट, त्याच्या अंगठ्याच्या ठशांसकट. डोंगराखाली कुठंतरी ते तिच्या घरात असेल. ती ते कधीही बाहेर काढू शकते. बाजारात, देवळात, अब्बांच्या पायाशी ठेवू शकते. ज्याला शेणमातीतलं कळतं त्याला ते बघितल्याबरोबर कळेल की असं काम या पंचक्रोशीत एकच माणूस करतो.

यिर्दाव मागच्या दारात बसतो. माश्यांच्या नळ्या रिकाम्या आहेत, त्या त्यानं पुन्हा भरल्या नाहीत. वाटेवर कुत्रं भुंकलं की तो उठून उभा राहतो. कुणीतरी ते घेऊन येत असेल. ती नाही तर तिचा कुणी भाऊ, कुणीही. मग त्याला बोलावं लागणार नाही. नुसती मान हलवावी लागेल.

मंडळाच्या दिवशी अब्बा नाव घेतात. तिरुये. तो मान खाली घालून ऐकतो.

कुत्रं भुंकतं. वाटेनं मोलाची गाय जाते.

तो पुन्हा बसतो.